गाळ वाचणारा शेतकरी : जेम्स हटन

पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ का होतं? कारण ते शेतातली माती सोबत घेऊन जातं. स्कॉटलंडमधल्या एका शेतकऱ्याने हेच नीट पाहिलं आणि पृथ्वीच्या वयाचा हिशोबच बदलला.

जेम्स हटन यांचा जन्म 1726 साली एडिंबरा येथे झाला. ते तीन वर्षांचे असताना वडील वारले. 1749 मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. पण दवाखाना न काढता वडिलांची शेती करू लागले. तिथे त्यांना प्रश्न पडला : पाऊस दरवर्षी माती समुद्रात नेतो, मग जमीन संपत कशी नाही?

उत्तर खडकांत होतं. नदीचा वेग मंदावला की आधी गोटे थांबतात, मग वाळू बसते. बारीक चिखल दूर, शांत पाण्यात तळाशी जातो. थरावर थर साचतात, दाबले जाऊन खडक बनतात. पृथ्वीच्या पोटातली उष्णता त्यांना वर उचलते, असे हटन म्हणत. म्हणजे जुनी जमीन झिजते, तशी नवी तयार होते. पण याला प्रचंड काळ हवा. त्या वेळी युरोपात बहुतेक लोक पृथ्वी सुमारे 6000 वर्षांचीच मानत.

1785 मध्ये हटन यांनी हा विचार विद्वानांपुढे मांडला. पुढे टीका झाली, त्यांना धर्मविरोधीही ठरवलं गेलं. 1788 मध्ये जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल या मित्रांसह ते होडीतून सिकर पॉइंटच्या कड्यापाशी गेले. तिथे खाली उभे करडे थर आणि त्यांच्यावर थोडेसे कललेले तांबडे थर होते! आज आपल्याला माहीत आहे की, करडे थर समुद्रतळावर साचले, तर तांबडी वाळू जमिनीवर नद्यांनी आणली. दोन्हींच्या मध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षं गेली.

1795 मध्ये त्यांचा ग्रंथ आला, पण भाषा फारच अवघड! 1797 मध्ये हटन वारले. विचार मागे पडला असता. पण 1802 मध्ये प्लेफेअर यांनी तो सोप्या भाषेत लिहिला आणि तो टिकला.

आता तुम्ही करा : बाटलीत पाणी, खडे, वाळू, माती घालून हलवा आणि शांत ठेवा. आधी काय बसलं? वहीत चित्र काढा.