प्रोफेसर नायगमवाला आणि ताऱ्यांचें वय

ज्युबिलीच्या निमित्तानें धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे प्रथम बाप्तिस्म्याचीं व लग्नांचीं दफ्तरें उघडावीं लागतात. कोणतें कुटुंब केव्हां आलें, कोण कोणाच्या आधींचें, हें तेथें शाईनें लिहिलेलें असतें. परंतु ज्या आकाशगंगेंत आपला सूर्य हा एक साधासा रहिवासी आहे, तिचें दफ्तर कोठें पाहावयाचें? तिच्यांतील तारे केव्हां जन्मले, आधीं कोण व मागून कोण? या प्रश्नाकडे नेणाऱ्या वाटेवर एके काळीं आपल्या पुण्यांतील एक गृहस्थ कीर्ति मिळवून गेले. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालीं एका पारशी कुटुंबांत झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून ते पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन एम्. ए. झाले, आणि १८८२ सालीं त्याच कॉलेजांत शिकवूं लागले.

त्या काळीं युरोपांत वर्णपटाचें शास्त्र नुकतेंच भरास आलें होतें. प्रकाश लोलकांतून नेला असतां रंगांची पट्टी पडते, व तिच्यांत ज्या रेषा दिसतात त्यांवरून तो प्रकाश देणाऱ्या पदार्थांत कोणकोणतीं मूलद्रव्यें आहेत हें कळतें. ही युक्ति ताऱ्यांस लावणाऱ्यांत येशूसंघाचे फादर अँजेलो सेक्की (१८१८–१८७८) हे प्रमुख होत. रोममधील संत इग्नेशियसच्या देवळाच्या छपरावर त्यांची वेधशाळा होती. घुमटासाठीं म्हणून बांधलेले भक्कम खांब तेथें होते, पण घुमट कधींच चढला नव्हता. त्या खांबांच्या आधारानें त्यांनीं दुर्बिणी उभ्या केल्या, आणि चार हजारांवर ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांचे वर्ग पाडिले. पुष्कळ विद्वानांस लागलीच वाटलें कीं हे वर्ग म्हणजे ताऱ्याच्या आयुष्यांतील अवस्थाच होत. पांढरा तो तरुण, तांबडा तो म्हातारा. हा तर्क पुढें टिकला नाहीं. तथापि ताऱ्यास वय असतें व तें त्याच्या उजेडांत शोधावें, ही दृष्टि त्यांतूनच बळावली.

नायगमवाला यांस आपल्या कॉलेजांत वर्णपटाची एक प्रयोगशाळा हवी होती. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनीं तीसाठीं ५,००० रुपये दिले व मुंबई सरकारनें तितकीच भर घातली. १८८४ सालीं नायगमवाला विलायतेस गेले. तेथें ज्योतिर्विदांच्या, विशेषेंकरून नॉर्मन लॉकियर यांच्या, भेटींत बेत बदलला आणि प्रयोगशाळेऐवजीं वेधशाळाच उभारण्याचें ठरलें. पुढें ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें आले, आणि तेथेंच १८८८ सालीं महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा तयार झाली. मुळा व मुठा यांच्या संगमाजवळ तें कॉलेज आहे. संगमावरून जें पाणी पुढें निघतें तेंच येरवड्यावरून आपल्या खराडीच्या कडेनें वाहतें, हें वाचकांस सांगावयास नकोच. त्या वेधशाळेंतील २० इंची आरशाची दुर्बीण हिंदुस्थानांत कित्येक दशकें सर्वांत मोठी होती.

आतां त्यांच्या कामाकडे वळूं. लॉकियर यांनीं त्या सुमारास एक मोठा सिद्धांत मांडला होता. आकाशांतील तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होत, त्यांतूनच तारे तापून उदयास येतात व मागाहून निवत जातात, असें त्याचें सार होतें. तेजोमेघाच्या वर्णपटांत हिरव्या रंगांत एक ठळक रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्टीची कड होय, असा लॉकियर यांचा आधार होता. तसें असेल तर ती रेषा एका अंगानें पुसट दिसली पाहिजे. नायगमवाला यांनीं मृगनक्षत्रांतील मोठ्या तेजोमेघावर आपलें यंत्र लाविलें. १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत ती रेषा बारीक व रेखीव होती, पुसटपणा कोठेंच नव्हता. ज्या थोर गृहस्थाच्या सल्ल्यानें ही वेधशाळा निघाली, त्याच्याच सिद्धांताविरुद्ध ही साक्ष पडली. विलायतेंतील हगिन्स व अमेरिकेंतील कीलर यांचेंही मत तेंच होतें हें खरें; पण त्यांच्यावर लॉकियर यांचे उपकार नव्हते. आमच्या मतें नायगमवाला यांच्या चरित्रांतील हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे.

आज ताऱ्यांचें वय कसें काढतात? जड तारे आपलें इंधन थोडक्या दशलक्ष किंवा कोटी वर्षांत उधळून टाकतात. सूर्यासारख्या ताऱ्यास तें सुमारें १,००० कोटी वर्षें पुरतें, आणि त्यांतील ४६० कोटी सूर्याचीं झालीं आहेत. शिवाय पहिल्या ताऱ्यांपाशीं हायड्रोजन व हेलियम यांखेरीज फारसें कांहीं नव्हतें. लोखंडासारखीं द्रव्यें ताऱ्यांच्याच पोटांत घडून बाहेर विखुरलीं, व पुढच्या पिढ्यांच्या वांट्यास आलीं. म्हणून ज्याच्या वर्णपटांत लोखंडाच्या रेषा क्षीण, तो बहुधा जुना. गायया नांवाचा उपग्रह २०१३ सालीं सोडण्यांत आला. त्याच्या मोजमापावरून २०१८ सालीं असें निष्पन्न झालें कीं सुमारें १,००० कोटी वर्षांपूर्वीं आपल्या आकाशगंगेनें एक लहान आकाशगंगा गिळली. त्या परक्या घराण्याचे तारे आपल्या वेगळ्या चालीवरून व रेषांवरून अजून ओळखूं येतात. २०२२ सालीं सुमारें अडीच लक्ष ताऱ्यांचीं वयें काढून दाखविण्यांत आलें कीं आपल्या तबकडीच्या जाड भागांत तारे जन्मूं लागले ते सुमारें १,३०० कोटी वर्षांपूर्वीं, म्हणजे त्या गिळण्याच्याही पुष्कळ आधीं. हेंच तें दफ्तर. रेषांच्या लिपींत लिहिलेलें.

१८९८ सालच्या २२ जानेवारीस खग्रास सूर्यग्रहण आलें. नायगमवाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ दिला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही तेथेंच उतरले होते. इलाख्यांत प्लेगाचे दिवस होते. सुमारें दोन मिनिटांच्या अंधारासाठीं कित्येक दिवसांची तयारी झाली, व सूर्यकिरीटाचे वर्णपट घेण्यांत आले. त्याचा अहवाल १९०२ सालीं छापून निघाला.

१९१२ सालीं ते सेवेंतून निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करण्यांत आली. दुर्बीण कोडाइकनालास गेली व तेथें भावनगर दुर्बीण या नांवानें ओळखली जाऊं लागली. एका माणसाच्या पाठीवर उभें असलेलें काम त्या माणसाबरोबरच खालीं बसलें. शिष्य तयार झाला असता तर? असो. पुण्यांत खगोलशास्त्रासाठीं आयुका ही संस्था निघाली ती १९८८ सालीं, बरोबर शंभर वर्षांनीं.

त्या हिरव्या रेषेचें कोडें १९२७ सालीं अमेरिकेंतील बोवेन यांनीं सोडविलें. ती मॅग्नेशियमची नव्हतीच. अतिविरळ अवस्थेंत दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची ती होती. नायगमवाला तेव्हां सत्तर वर्षांचे होते. १९३८ सालीं ते निवर्तले.