कारंज्याचा नरहरी: श्रीनृसिंहसरस्वतींचे पूर्वचरित्र

आपल्यापैकी जे मंगरूळपीर परिसरात राहून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत, त्यांना शेजारच्या तालुक्यातील कारंजा लाड नवे नाही. दर्ग्यामुळे ज्याच्या नावात पीर आला, त्या गावातून गुरुमंदिराच्या दर्शनाला कारंज्यास जाणे ही वऱ्हाडातील नित्याची गोष्ट आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म तेथे इ. स. १३७८ च्या सुमारास झाला, असे मानले जाते. आपण त्यांना नरसोबाच्या वाडीचे किंवा गाणगापूरचे म्हणून ओळखतो. या घटकात मात्र त्यांच्या बालपणाकडे, आणि खरे तर त्यांच्या आईकडे, पाहावयाचे आहे.

या चरित्राचे मुख्य साधन म्हणजे ‘गुरुचरित्र’ हा ओवीबद्ध ग्रंथ. त्याचा कर्ता सरस्वती गंगाधर हा श्रीगुरूंचे शिष्य सायंदेव यांच्या वंशात पाचव्या पिढीत जन्मला. त्यामुळे येथे घडलेली हकीगत आणि पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा एकमेकींत मिसळून येतात. त्या वेगळ्या करण्याचा हट्ट आपण आत्ता धरू नये. ग्रंथाच्या आरंभीच नामधारक नावाचा भक्त गुरूला चक्क जाब विचारतो: पूर्वजांनी इतकी सेवा केली, तरी माझ्याकडेच दुर्लक्ष का? मराठी भक्तिसाहित्यात अशी तक्रार श्रद्धेच्या विरोधात जात नाही. पुष्कळदा श्रद्धेची सुरुवातच तेथून होते.

अंबेची कथा तिच्या पूर्वजन्मापासून सुरू होते. कृष्णाकाठच्या कुरवपूर येथे एक निराधार ब्राह्मण स्त्री आपल्या मंदबुद्धी मुलासह जीव द्यावयास निघाली होती. श्रीपादश्रीवल्लभांनी तिला थांबविले आणि शनिप्रदोषाचे व्रत सांगितले. तिने मागितले, की पुढील जन्मी आपणासारखा, जगाला वंद्य असा पुत्र मला व्हावा. तसा दुसरा कोणी नाही, म्हणून त्यांनी स्वतःच तिच्या पोटी येण्याचे ठरविले. वर मागितला तसाच मिळाला, हे ध्यानात ठेवा. पुढचा सारा गुंता त्यातूनच निर्माण होतो.

कारंज्यात माधव या शिवभक्त ब्राह्मणाच्या घरी ती अंबा म्हणून नांदू लागली. मूल झाले, त्याचे नाव नरहरी ठेवले. जन्मताच त्याने ओंकाराचा उच्चार केला आणि नंतर दुसरा शब्दच काढला नाही. एक वर्ष गेले, तीन गेली, सात गेली. शेजारपाजारचे उपाय सुचवीत. कोणी रविवारी पिंपळाच्या पानावर जेवू घालण्यास सांगे. आई समजावी, विनवी, रडे. मुलाने खुणेने मुंज करण्यास सुचविले, तेव्हा आईबापांनी मोठा खर्च केला. मुक्याला गायत्री शिकवणार कशी, अशी गावात कुजबुज झाली. काहींना दक्षिणेशी मतलब होता, हेही कवी लपवीत नाही. त्याची ही मिस्कील नजर सहसा दुर्लक्षिली जाते.

मुंज लागली. आईने पहिली भिक्षा घातली, तेव्हा मुलाच्या मुखातून ऋग्वेद निघाला. दुसरीला यजुर्वेद, तिसरीला सामवेद. ज्यांनी थट्टा केली, तेच नमस्कार करू लागले. सात वर्षांचे दुःख एका सकाळी फिटले, असे अंबेला वाटले असणार.

त्याच क्षणी नरहरी म्हणाला, की भिक्षा माग असे तूच मला सांगितलेस. आता जाण्याची आज्ञा दे. विधीतील साधे शब्द त्याने अक्षरशः घेतले. अंबा मूर्च्छित पडली. मुका मुलगा तिच्याजवळ राहिला असता. बोलता झाला आणि निघाला. जगाला वंद्य असा पुत्र घराच्या चार भिंतींत मावणार नाही, हे मागताना तिच्या मनात आले नव्हते.

आता त्याच्या वागण्याकडे बारकाईने पाहा. तो तिला पूर्वजन्म स्मरवितो, आणखी चार पुत्र होतील असे सांगतो. तरीही ती एक अट घालते: त्यांतला एक तरी माझ्या मांडीवर येईपर्यंत थांब. अवतार मानलेला हा बालक तिचे म्हणणे मोडीत नाही. तो सुमारे वर्षभर घरीच विद्यार्थ्यांना वेद शिकवितो. अंबेला जुळे पुत्र होतात आणि ते तीन महिन्यांचे झाल्यावर तो पुन्हा निरोप मागतो. या वेळी ती तो देते. माझ्या मते साऱ्या पूर्वचरित्राचा गाभा या वर्षभरात आहे. तिने आपले दुःख लपविले नाही आणि ते अश्रद्ध आहे असे तिला कोणी म्हटलेही नाही. ईश्वराची योजना बदलली नाही, पण आईसाठी ती थोडी थांबली.

पुढे काशीस वृद्ध यती कृष्णसरस्वतींकडून त्याने संन्यास घेतला आणि तो नृसिंहसरस्वती झाला. बदरी, गंगासागर, प्रयाग ही यात्रा कवी झपाट्याने आटोपतो. त्या काळात कारंज्याच्या घरी दिवस कसे गेले, याविषयी तो मौन पाळतो. आपण बारावा अध्याय संपवून तेरावा उघडतो, तेव्हा मध्ये सुमारे तीस वर्षे गेलेली असतात.

तीस वर्षांनी भेटेन असे वचन दिले होते, त्याप्रमाणे ते शिष्यांसह कारंज्यास आले. आईबाप थकलेले होते. भाऊ चार झाले होते आणि रत्नाई नावाची बहीणही होती. या भावंडांना थोरला भाऊ केवळ ऐकून ठाऊक असावा. त्या दिवशी घरोघरी त्यांना भिक्षेचे आमंत्रण होते आणि प्रत्येक घरी ते एकाच वेळी जेवले, असे ग्रंथ सांगतो. अंबेचे घर त्यांतले एक होते.

मग ते गोदावरीच्या वाटेने त्र्यंबकेश्वराकडे निघाले.