सराळ्याचे म्हाइंभट

म्हाइंभटांचे नाव घेताच लीळाचरित्राचे स्मरण होते, आणि ग्रंथाच्या थोरवीत ग्रंथकर्त्याचे आयुष्य झाकले जाते. त्यांनी स्वतःच ते झाकून ठेवले, असे म्हटले तरी चालेल. सर्वज्ञांच्या लीळा लिहिताना आपल्याविषयी जेवढे अपरिहार्य तेवढेच त्यांनी येऊ दिले. आणि जे येऊ दिले, त्यात आपल्या गर्वाची कथाही वगळली नाही.

गोदातीरावरील सराळे हे त्यांचे गाव. जातीने ब्राह्मण, व्यासंगाने शास्त्री. प्रभाकर मीमांसेत त्यांची गती होती. गणपति आपयो यांच्यासारख्या विद्वानाशी त्यांचा विद्यासंबंध होता. वादात हरणे त्यांस ठाऊक नव्हते. इतर पंडित आपल्यापुढे तृणवत्, हे दाखविण्यास ते पायी गवत बांधीत आणि आपल्या ज्ञानापुढे सूर्यही फिका म्हणून दिवसा दिवटी लावून चालत, असे सांगतात. या आख्यायिकेत अतिशयोक्ती असेल; परंतु विद्या, जाती आणि मान ही तिन्ही एकाच गाठीत बांधलेल्या मनुष्याचे हे चित्र आहे, आणि तो मनुष्य ओळखावयास आपणांस आजही फार लांब जावे लागत नाही.

असे म्हाइंभट डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींकडे गेले ते वाद करण्याच्या इच्छेने. शास्त्रचर्चा चालली, ती मोक्षविचारावर आली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की सर्वज्ञांनी त्यांचे शास्त्र खोटे ठरविले नाही. शास्त्र ज्यासाठी शिकावयाचे, ती तळमळ शिकणाऱ्यात आहे काय, हा प्रश्न पुढे आला. पंडितापाशी उत्तरे पुष्कळ होती, ती दुसऱ्यांच्या प्रश्नांची होती. अभिमान गळाला. मात्र त्या दिवशीच त्यांनी सर्वस्व सोडले, असे कोणी समजू नये. प्रतीती आली तरी परिग्रह सुटण्यास काळ लागतो. म्हाइंभटांनी अनुसरण घेतले ते सर्वज्ञांच्या उत्तरापंथगमनानंतर, नागदेवाचार्यांपाशी. ज्यांच्याशी वाद करावयास गेले, त्यांचे सान्निध्य हातचे गेल्यावर ते आले. ही हुरहूर त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी असावी, असे मला वाटते.

श्रीप्रभूंच्या सेवेसाठी भक्तपरिवार तेव्हा ऋद्धिपुरी राहात होता. आचार्य एकांती बसून सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत. आपण कशाचे मनन करता, असे म्हाइंभटांनी त्यांस विचारले. आणि उत्तर ऐकल्यावर, ज्यांनी पाहिले ते आहेत तोवर हे लिहून ठेवले पाहिजे, हा विचार त्यांच्या मनी दृढ झाला. आचार्यांनी सांगितले, म्हाइंभटांनी लिहिले. शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमाराची ही गोष्ट.

परंतु केवळ आचार्यांच्या कथनावर ते थांबले नाहीत. जी लीळा ज्याच्या संबंधात घडली, त्याच्याकडे जाऊन ती विचारावी, हा त्यांचा क्रम. सांगणाऱ्यांत शास्त्री थोडे. स्त्रिया पुष्कळ, साधे लोक पुष्कळ. सर्वज्ञांना प्रश्न विचारविचारून ज्यांनी जिज्ञासक हे नाव मिळविले, त्या महदाइसा त्यांत होत्या. सभेत पंडितांस निरुत्तर करणारा मनुष्य आता कुणा वृद्धेपुढे बसून विचारीत होता की स्वामी तेव्हा कोठे आसनस्थ होते, जवळ कोण होते, भोजनास काय होते. शास्त्रार्थात पुराव्याला ग्रंथ लागतो. येथे पुरावा म्हणजे त्या वृद्धेचे डोळे. तिची जात वा तिचे शिक्षण यांचा तेथे प्रश्नच नव्हता. सर्वज्ञांच्या सन्निधानी ती होती आणि म्हाइंभट नव्हते, एवढेच पुरे होते.

आणि दोघांनी दोन प्रकारे सांगितले तर? म्हाइंभटांनी एकाला खोटे पाडून दुसऱ्याचे घेतले नाही. मतभेद तसाच नोंदला. एकाच लीळेची दोन रूपे पाहून आजही एखादा वासनिक गोंधळतो, आणि एखादा अन्यमतीय त्यावरून आपणांस खिजवितो. मला तर तेथेच या ग्रंथाचा विश्वास वाटतो. रचून सांगणाऱ्याला दोन रूपे ठेवण्याचे कारण नसते.

हे सारे त्यांनी मराठी गद्यात लिहिले. संस्कृत त्यांच्या हातचे होते, आणि त्या काळी विद्वानाची ओळख संस्कृतानेच होई. परंतु केशिराजबासांनी संस्कृतात विचारलेले आचार्यांस रुचले नव्हते. आपल्या म्हाताऱ्या त्याने वंचित होतील, ही त्यांची चिंता. ज्या म्हाताऱ्यांनी लीळा सांगितल्या, त्यांनाच वाचून दाखविता न येणारा ग्रंथ म्हाइंभट कसा लिहितील?

पुढे श्रीप्रभूंच्या देहावसानानंतर त्यांनी ऋद्धिपूरलीळा सिद्ध केली. त्यात कोणी श्रीप्रभूंस वेडे म्हणतो, कोणी माय आणि बाप म्हणतो. ते वाटेल त्या घरी जातात, आणि पाण्यासाठी विनविणाऱ्या मातंगांना विहिरीची जागा दाखवितात. एकेकाळी तृणावर चालणाऱ्या लेखणीने हे लिहिताना कोठेही समर्थनाचा सूर लावलेला नाही, संकोचाचाही नाही. जसे घडले तसे लिहिले.

लीळाचरित्राची मूळ पोथी मात्र राहिली नाही. यादवांचे राज्य खचल्यावर परचक्राच्या धामधुमीत ती गेली. तेव्हा भक्तांनी आपापल्या स्मरणातून लीळा पुन्हा जुळविल्या, आणि त्या पाठांतील एक मोठा आधार हिराईसा या स्त्रीचा होता. म्हाइंभटांनी जे ऐकून कागदावर आणले होते, ते परत एका बाईच्या मुखाने ऐकून लिहून घ्यावे लागले.