ग्रीक खांबांच्या सावलीतले भाऊ दाजी

१९८३ साली बँकेच्या प्रशिक्षणासाठी मी आटपाडीहून मुंबईला गेलो होतो. एका संध्याकाळी फोर्टात हिंडताना टाऊन हॉलसमोर थबकलो. तीस रुंद पायऱ्या आणि वर ओळीने उभे जाडजूड खांब. आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे हे ठाऊक होते, वाचनाचे वेडही होते. पण ही जागा आपली नव्हे असे वाटले आणि मी खालूनच परतलो.

१८३३ साली पुरी झालेली ही इमारत कर्नल कूपर या इंग्रज अभियंत्याने आखली, ती ग्रीक देवळांच्या धर्तीवर. डोरिक पद्धतीच्या अस्सल ग्रीक खांबाला बैठक नसते. तो थेट जोत्यावर उभा राहतो. अथेन्सच्या पार्थेनॉनचे खांब मध्ये किंचित फुगीर आणि आत झुकलेले आहेत. हा फरक सहज कळत नाही, पण त्यामुळे दगड जिवंत वाटतो. मूळ युक्ती मात्र आमच्या माणदेशी सोप्याचीच : खांब आणि त्यावर आडवी तुळई. ग्रीकांची देवळेही आधी लाकडाचीच होती. साहेबाने हे खांब आणले ते आपल्या सत्तेचा दबदबा दाखवायला.

त्या पायऱ्या ज्यांनी निर्धास्तपणे चढल्या, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. गोव्यातल्या मांद्रे गावी १८२२ साली गरीब घरात त्यांचा जन्म झाला. बुद्धिबळातली त्यांची चमक पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअरने मुलाला इंग्रजी शिकवा असे वडिलांना सुचवले, असे सांगतात. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले. गोरगरिबांना फुकट औषध दिले, कुष्ठरोगावर उपाय शोधला, मुलींच्या शाळेला आधार दिला. आमच्या सांगलीचे विष्णुदास भावे १८५३ साली नाटकमंडळी घेऊन मुंबईला गेले, तेव्हा त्यांनाही भाऊंचे पाठबळ मिळाले.

दवाखाना सांभाळून ते जुन्या लेखांत रमत. १८६० साली एशियाटिक सोसायटीत त्यांनी कालिदासावर निबंध वाचला. अजिंठ्याला जाऊन शिलालेखांचे ठसे घेतले. साहेबाने बांधलेल्या ग्रीक देवळात बसून हा माणूस आपल्या देशाचा हरवलेला इतिहास जुळवत होता! आणि ग्रीक तरी परके कुठले? कार्ल्याच्या चैत्यात खांब दान करणाऱ्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे यवनही आहेत.

मुंबईला संग्रहालय हवे म्हणून जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर भाऊ झटले. १८६२ साली भायखळ्याला पायाभरणी झाली. १८६५ साली शेअरबाजार कोसळला, वर्गण्या आटल्या, भाऊंची स्वतःची कमाईही बुडाली. संग्रहालय उघडले ते १८७२ साली. आतल्या लोखंडी खांबांच्या माथ्यावर कोरिंथियन पद्धतीची पानांची नक्षी आहे. ग्रीसमधून रोम, रोममधून इटलीचा पलाडिओ, तिथून इंग्लंड, असा प्रवास करत ती भायखळ्याला पोचली. ३१ मे १८७४ रोजी भाऊ गेले. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा यांच्या नावाच्या त्या वास्तूला १९७५ साली भाऊंचे नाव मिळाले.

निवृत्तीनंतर मी पुन्हा टाऊन हॉलला गेलो आणि या वेळी पायऱ्या चढलो. आत माझ्यासारखीच साधी माणसे वर्तमानपत्रे वाचत बसली होती. कोणी अडवले नाही. १९८३ सालीही बहुधा अडवले नसते.

परवा आटपाडीत एका नव्या बंगल्यापुढे सिमेंटचे खांब दिसले, माथ्यावर तीच पाने. ती कुठून आली हे घरमालकाला ठाऊक नसेल. पण त्याच्या नातवाने कधी विचारलेच, तर गोष्ट भाऊ दाजींपासून सुरू करावी, असे मला वाटते.