संत जोसेफ वाझ : ख्रिस्ती औदार्याचा आदर्श

प्रभू येशूने शत्रूंसाठीही आपले प्राण वेचिले. त्याच्या पावलावर पाऊल टाकणारा एक थोर धर्मगुरू गोमंतकात जन्मास आला.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे झाला. डच अंमलाखाली लंकेतील कॅथॉलिक बांधव धर्मगुरूंवाचून पोरके झाल्याचे ऐकून ते १६८७ साली मजुराच्या वेषाने तेथे गेले. १६९२ साली कँडी नगरात पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांस बंदीत टाकण्यात आले. पुढे १६९७ साली त्याच नगरात देवीची साथ उद्भवली. आप्तांनीही रोग्यांस टाकून दिले. परंतु वाझ तेथेच राहिले. धर्मभेद न मानता त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, मृतांस मूठमाती दिली. त्यांच्यापाशी द्रव्य नव्हते. त्यांनी स्वतःसच दिले. देऊ केलेले बिशपपद नाकारून ते अखेरपर्यंत सेवेत राहिले आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच ख्रिस्तवासी झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संतपद दिले.

नाशिककर भाविकहो, स्नेह्यास देणे सोपे आहे. ज्याने आपणास दुखविले त्याच्या दारी अन्न घेऊन जाणे, हेच या महोत्सवी वर्षातील आपले खरे दान ठरो.