काचेमागे भिंत बांधणारा शास्त्रज्ञ

अंधेरी असो की मुलुंड, होस्टेलमध्ये पश्चिमेची खोली वाट्याला आली की उन्हाळ्यात काय हाल होतात हे वेगळं सांगायला नको. सूर्य मावळून तीन तास झाले तरी भिंत तापलेलीच! भिंतीचा हाच दुर्गुण वापरून डोंगरातलं घर उबदार ठेवणारे एक शास्त्रज्ञ फ्रान्समध्ये होऊन गेले. त्यांचं नाव फेलिक्स ट्रॉम्ब. ‘ट्रॉम्ब वॉल’ आपण परीक्षेपुरती वाचतो, माणूस मात्र अनोळखीच राहतो.

ट्रॉम्ब यांचा जन्म १९०६ चा. मूळचे ते रसायनशास्त्रज्ञ. गॅडोलिनियम हा धातू लोखंडासारखा चुंबकीय असतो, हे १९३५ साली दाखवून देणाऱ्या तिघांपैकी ते एक. दुसरा नाद गुहांचा. पिरेनीज पर्वतातल्या अंधाऱ्या विवरांत दोर सोडून उतरायचे. तिथल्या भुयारांच्या एका जाळ्याला त्यांचंच नाव आहे.

अंधारात रमणारा हा माणूस पुढे सूर्याच्या मागे लागला. महायुद्ध संपल्यावर त्यांनी विमानं हेरायच्या सर्चलाइटचा आरसा घेतला आणि उलटा वापरला. उजेड फेकण्याऐवजी ऊन गोळा करायचं! त्यातून माँ-लुई इथे सौरभट्टी झाली आणि मग ओदेयोची प्रचंड भट्टी. ६३ सपाट आरसे, समोर ५४ मीटर उंचीचा अंतर्गोल आरसा, ताकद सुमारे १००० किलोवॉट आणि तापमान ३००० अंशांच्या वर.

ओदेयोची उंची जवळपास आपल्या कळसूबाईएवढी, पण हिवाळ्यात तिथे बर्फ. एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्यामुळे ऊन कडक पडतं आणि रात्री हाडं गोठतात. मग घराला खिडकी केवढी ठेवायची? मोठी ठेवली तर दिवसा खोली तापते, पण रात्री त्याच काचेतून सगळी ऊब निघून जाते. लहान ठेवली तर ऊन बाहेरच! इकडे आड, तिकडे विहीर.

१९६७ मध्ये आर्किटेक्ट जाक मिशेल यांच्या साथीने ट्रॉम्ब यांनी ओदेयोला घरं बांधून यावर तोड काढली. दक्षिणेला मोठी दुहेरी काच आणि तिच्या लगेच मागे काळपट रंगाची जाड काँक्रीटची भिंत. काच ऊन आत सोडते, पण तापलेल्या भिंतीची उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. काँक्रीटमधून ऊब तासाला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर सरकते. म्हणजे फूटभर जाडीची भिंत दुपारचं ऊन रात्री खोलीत पोचवते. भिंतीला खालीवर झरोके ठेवले की दिवसाही गरम हवा आत येते. मात्र रात्री ते बंद करायला हवेत, नाहीतर चक्र उलटं फिरतं.

कल्पना अगदी नवी नव्हती. अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्येच तसं पेटंट घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. शिवाय तोटेही आहेत. दक्षिणेचा देखावा भिंतीआड जातो, ढगाळ दिवसांत भिंत थंडच राहते आणि उन्हाळ्यात काचेवर सावली करावी लागते. म्हणून उजेडासाठी थोड्या साध्या खिडक्या ठेवाव्याच लागतात आणि उत्तरेला शक्य तितक्या कमी.

ट्रॉम्ब १९८५ साली गेले. त्यांची भिंत मात्र लडाखपर्यंत पोचली. लेहजवळ शे गावातल्या ड्रुक पद्मा कारपो शाळेत ती वापरली आहे. साडेतीन हजार मीटरवर, जिथे सरपण मिळणं मुश्किल, तिथे ही चैन नव्हे, गरज आहे. आणि हो, मुंबईत हवाबंद केलेली दुहेरी काच तशीच लेहला नेऊ नका. तिथे हवेचा दाब इथल्या सुमारे दोन-तृतीयांश. आतली हवा फुगते आणि काच तडकू शकते!

३००० अंशांची भट्टी बांधणाऱ्या या शास्त्रज्ञाचं नाव जगात घेतलं जातं ते वीस अंशांच्या उबदार खोलीसाठी. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी भारी विषय शोधताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.