रिकाम्या पाळण्यांचे दुःख जाणणारे डॉ. शिरोडकर

दिघीपासून दक्षिणेकडे गेलेला आपला कोकण किनारा गोव्याला जाऊन मिळतो. त्याच गोव्यातील शिरोडा गावी १८९९ साली डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकून पुढे ते तेथेच स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

बीजवाहिनीत फलन झाल्यावर साधारण सहा-सात दिवसांनी गर्भ गर्भाशयात रुजू लागतो. परंतु काही मातांचे गर्भाशयमुख दुबळे असते. ते चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा वेदनेविना उघडते आणि बाळ दगावते. असे वारंवार घडले की दोष मातेच्याच माथी येई. डॉक्टरांनी त्यामागचे शारीरिक कारण ओळखले. मांडीतील चिवट पडद्याची पट्टी गर्भाशयमुखाभोवती गुंफून ते आवळून धरण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. ‘शिरोडकर टाका’ म्हणून ती जगभर रूढ झाली.

पहिल्या आठवड्यांतील गर्भपात या टाक्याने टळत नाहीत. त्यांचे कारण बहुधा गुणसूत्रांतील दोष असते. त्यातही मातेचा अपराध नसतो.

पद्मविभूषण डॉ. शिरोडकर १९७१ साली निवर्तले. बाळ गमावलेल्या भगिनीला बोल न लावता तिला वेळीच तज्ज्ञांकडे न्यावे, हेच त्यांचे खरे स्मरण, असे आम्हांस वाटते.